अण्णांचं निरीक्षण

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. तापतं तसं निवतंही लवकर. पण अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, एकदा मी चार महिने राग धरून बसले होते. त्या रागाची आजही लाज वाटते.

विज्ञानाची पदवी घेतल्यावर मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या लॅबमध्ये चिकटले. चार वर्षं दुधाचे नमुने तपासले. नाटकाचं वेड मात्र कॉलेजातल्या एकांकिकांपासून अंगात मुरलेलं होतं. सांगलीला नाट्यशास्त्राचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, कुठल्याही विषयाच्या पदवीधराला प्रवेश मिळतो आणि पहिल्या सहा महिन्यांत आमच्यासारख्यांचा पाया पक्का करून घेतात, असं कळलं. कुणाला न सांगता परीक्षा देऊन आले, आणि निवड झाली.

अण्णा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते काय काय म्हणतील आणि मी काय काय उत्तर देईन, याची आठ दिवस मनात तालीम केली होती. ते पुढच्या खोलीत सदऱ्याची बटणं लावत होते. मी सांगितलं, "अण्णा, सांगलीला नाटक शिकायला माझी निवड झालीय. नोकरी सोडतेय मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "जा," असं काहीतरी हळू म्हणाले आणि पुन्हा बटणाला लागले. बस, एवढंच. अहो, भांडले असते तरी चाललं असतं! मी एवढी शस्त्रं परजून उभी, आणि समोर भिंत.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःची फौजेतली काळी ट्रंक माझ्यासाठी बाहेर काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं माझं नाव घातलं होतं. फौजेत अण्णांच्या हाताची अक्षरं म्हणजे छापल्यासारखी, असं आई सांगायची. इथं पहिलं अक्षर बरं होतं, आणि मग आडनावापर्यंत येता येता ती बारीक बारीक होत गेलेली. यातही जीव ओतला नाही, असं वाटून मी जास्तच पेटले. साताऱ्याच्या स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा गाडी हलली तरी त्यांनी हात केला नाही. मीही केला नाही.

सांगलीत आमच्या वर्गात एक वकील, एक फार्मसीवाला, दोन इंजिनियर आणि मी दूधवाली. माझ्या खोलीतली मुलगी आष्ट्याची, फिजिओथेरपी शिकून आलेली. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आधीचा विषय चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचा. आम्ही काढला. आष्टेकरणीला काही जमेना. तालमीत कुणीही उभं राहिलं, की ही त्याचा पाठीचा कणा बघायची आणि खांदा सरळ कर म्हणून सांगायची. आम्ही तिला हाडवैदीण म्हणून चिडवायचो.

दिवाळीच्या सुट्टीला मॅडमनी काम दिलं. घरातलं एक माणूस निवडायचं, त्याला न कळू देता बघायचं, आणि परत आल्यावर वर्गासमोर पाच मिनिटं तो माणूस व्हायचं. कारण शोधायचं नाही, अर्थ लावायचा नाही, फक्त बघायचं. मी अण्णांना निवडलं. खरं सांगायचं तर उट्टं काढायला निवडलं.

बघायची मला लॅबपासूनची सवय. तिथल्या वहीत दोन रकाने असत, एक निरीक्षणाचा आणि एक निष्कर्षाचा. त्या आठ दिवसांत मी पहिला रकाना गच्च भरला. अण्णा खुर्चीतून उठताना दोनदा पुढं झुकतात. चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहतो. त्याच हाताची दोन बोटं मांडीवर काहीतरी वळत असतात. सगळ्यांचं जेवण झालं तरी त्यांचा दुसरा घास चाललेला असतो. बोलणं इतकं हळू, की आई दोनदा विचारते. दुसऱ्या रकान्यात माझा एकच शब्द तयार होता, हट्टीपणा.

वर्गात मी अण्णा झाले. त्यांच्यासारखी उठले, चालले, बटणं लावली. शेवटी मी निवड झाल्याचं सांगते तो प्रसंग केला. दोन्ही माणसं मीच. अण्णांचा तो दगडी चेहरा मी इतका हुबेहूब धरला, की सगळे पोट धरून हसले. मॅडमसुद्धा हसल्या.

आष्टेकरीण तेवढी हसली नाही. तिनं मला पुन्हा चालून दाखवायला सांगितलं. मला वाटलं, हिचं आपलं नेहमीचं. चालले. तिनं विचारलं, उजवा हात का हलवत नाहीस? मी म्हटलं, ते हलवत नाहीत, मिलिटरीची सवय आहे.

"मिलिटरीच्या माणसाचा हात हलतो," ती म्हणाली.

लहानपणी अण्णांच्या बरोबरीनं चालताना त्यांचा तो झुलणारा हात मला दोनदा लागला होता, ते आत्ता आठवलं. खोलीवर गेल्यावर तिनं कॉटखालची ट्रंक ओढली आणि त्या लहान होत गेलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे कुणी लिहिलंय म्हणून विचारलं. मग म्हणाली, मी डॉक्टर नाही, पण त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे ने, वेळ घालवू नकोस. मी तिच्यावर खेकसले. तुझी हाडं तुझ्याजवळ ठेव, म्हटलं. मग रडले. ती शेजारी बसून राहिली.

शनिवारी सातारा गाठलं. दवाखान्याचं नाव काढल्याबरोबर अण्णा म्हणाले, मला काय धाड भरलीया? आईही म्हणाली, ताप न्हाई, खोकला न्हाई, कशाला दवाखाना? समजावून माझी जीभ दुखली. शेवटी म्हटलं, अण्णा, पाच मिनिटं बसा, मी काय करते ते बघा.

आणि जे वर्गात केलं ते सगळं त्यांच्यापुढं केलं. हसायला कुणी नव्हतं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्यासारखा उजवा हात अंगाला चिकटवून चालले. आई भडकली. "बापाची नक्कल करतीस व्हय गं?" अण्णांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. मी शेवटपर्यंत गेले. निवड झालीय म्हणून सांगितलं, आणि त्यांचा तो चेहरा करून त्यांच्याकडे पाहिलं.

मग अण्णा म्हणाले, "पर मी तवा हसलो हुतो की."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यांनी आईकडे वळून पुन्हा सांगितलं, "हसलो हुतो मी. लय आनंद झालता मला."

ते दोन हिसक्यांत उठले आणि कपाटाच्या आरशापुढं जाऊन उभे राहिले. मी मागून बघत होते. आरशात काहीच हललं नाही. पण ते हसून बघत होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. थोड्या वेळानं वळले आणि म्हणाले, कवा जायचं?

डॉक्टरांनी आजाराचं नाव कंपवात सांगितलं. अण्णा म्हणाले, पर माझा हात तर कापत न्हाई. डॉक्टरांनी समजावलं, की प्रत्येकाचा कापतोच असं नाही. कुणाचा हात आखडतो, अक्षर बारीक होतं, आवाज बसतो, चेहऱ्याचे स्नायू ऐकत नाहीत. पुरता बरा होणारा आजार नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामानं बरीच वर्षं चांगली काढता येतात. मी शेजारी बसून माझ्या वहीतली एकेक ओळ डॉक्टरांच्या तोंडून ऐकत होते. सगळं मी पाहिलं होतं. आनंदानं माझ्यासाठी ट्रंक रंगवणाऱ्या माणसाला मी चार महिने मनातल्या मनात शिव्या घालत होते. चार महिने! याला काय म्हणावं?

सांगली सोडून घरी यायचं मी ठरवून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ट्रंक माघारी आणलीस तर दारातनं आत घेणार न्हाई. परत वर्गात गेले तर आष्टेकरणीकडून सगळं ऐकलेल्या मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, की चपलांचं ते बोलणं मी मागं घेते. आष्टेकरणीनं व्यायामाचा कागद लिहून दिला. तो अजून आमच्या कपाटाला चिकटवलेला आहे, आणि अण्णा रोज आरशापुढं गाल फुगवतात.

वर्षाच्या शेवटी आमचं नाटक झालं. माझं काम लहान, एका भांडकुदळ शेजारणीचं. अण्णा आणि आई एसटीनं आले, तिसऱ्या रांगेत बसले. रंगमंचावरून प्रेक्षकांत बघायचं नाही, हे वर्षभर घोकलं होतं, तरी मी बघितलं. सगळं सभागृह हसत होतं आणि अण्णांचा चेहरा तसाच, दगडी. मला सगळं माहीत होतं. तरी पुढचं वाक्य मी अर्ध्या आवाजात म्हटलं.

नाटक संपल्यावर मी रंगपटात तोंडाचा रंग पुसत होते. आईनं कोपराला धरून अण्णांना आत आणलं. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, पण आसपासच्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही. मी उठून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"हसलो गं," अण्णा म्हणाले. "दोनदा."