दोघांच्या फोटोंची साइट

माझं दुकान फ्रेमांचं. शेजारी हलूनकाचा फोटो स्टुडिओ, मधे एकच भिंत. माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून आयुष्यभर "हलू नका, हलू नका" म्हणत आला, म्हणून हे नाव पडलं. आता त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा रागावल्या की हेच नाव घेतात.

स्टुडिओ पूर्वी दोघा भावांचा होता. थोरल्याला सगळे दादा म्हणत. कामाची वाटणी ठरलेली. माणसाला कुठे उभं करायचं, पडदा किती ओढायचा, गालावर उजेड कसा घ्यायचा, हे दादा बघायचे. समोरच्याच्या हनुवटीला एक बोट लावून ते तोंड जरासं वळवायचे, काहीतरी बोलून हसवायचे आणि मागे सरकायचे. मग हलूनका बटण दाबायचा. दादांनी कधी बटण दाबलं नाही आणि याने कधी कोणाच्या हनुवटीला हात लावला नाही.

पुढे दादांना एका प्रवासी जहाजावरच्या फोटो स्टुडिओत नोकरी लागली. "जरा जग बघून येतो," म्हणून गेले. सुरुवातीला बंदराबंदरावरून फोन यायचे. मग तिकडेच कुठेतरी उतरून राहिल्याचं कळलं. मग नंबर बदलला. भांडण नाही, तंटा नाही. धागा तुटला, पण कुठे तुटला ते कळलंच नाही.

हलूनका याबद्दल बोलत नाही. पण कोणाला खुर्चीवर बसवलं की "मान जरा..." म्हणतो आणि थांबतो, कोणीतरी पुढे होईल म्हणून. मग स्वतःच उठून जातो. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

साइट काढा, हे वहिनींचं टुमणं जुनं. लोक हल्ली आधी फोनवर फोटो बघतात, मग पायरी चढतात. हा दर वेळी उडवून लावायचा. या वेळी एकदम हो म्हणाला. वहिनी माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा माझं एका दमात ऐकलं. कुठेतरी पाणी मुरतंय."

वहिनींची भाची साइट बांधायचंच काम करते. एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली. मलाही बोलावून घेतलं, कशाला ते ठाऊक नाही.

"काका, दोन रस्ते आहेत," ती हलूनकाला म्हणाली. "एक, तयार साचा घ्यायचा. फोटो टाकले की झालं. दुसरा, मी पायापासून बांधायची. पण मला सुट्टीच्या दिवशीच जमेल."

"साचाच घे," वहिनी म्हणाल्या. "यांच्या मनासारखी बांधायला गेलीस तर तुझं लग्न राहील."

साचा दिसायला छान होता. वर मोठ्या अक्षरात एक नाव, खाली फोटोंचे चौकोन आणि 'माझ्याबद्दल' असं एक पान. मी हळूच म्हटलं, "यात कडेची माणसं कापली जातायत."

"फ्रेमकाका, ते बदलता येतं," म्हणत तिने बोट टेकवलं आणि माणसं परत आली. 

गाडी अडली ती 'माझ्याबद्दल'पाशी. भाची म्हणाली, "तुमचे सगळ्यात चांगले फोटो काढून द्या." हलूनकाने ढीग पुढे ओढला. बोळकं उघडून हसणारी एक आजी. एकमेकींकडे चोरून बघणाऱ्या जुळ्या बहिणी.

"हिला हसवलं दादाने. या दोघींना पाठीला पाठ लावून बसवलं दादाने. यातला माझा कुठला?" त्याने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक फोटो मीच मढवलेले. पण मलाही सांगता येईना.

"पोर्टफोलिओ एकाचाच असतो, काका. 'आम्ही' लिहिलंत तर लोक विचारतील ना, दुसरा कुठाय?"

"विचारू देत."

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. "अगं, तुझ्या काकांना गिऱ्हाईक नकोय, भाऊ हवाय. कुठल्याशा गावात बसून दादांनी एक दिवस आपल्या स्टुडिओचं नाव फोनमध्ये टाकावं आणि हे सगळं समोर यावं, म्हणून हो म्हणालेत. मला काय कळत नाही?"

हलूनका फोटोंच्या कडा जुळवत बसला. मग म्हणाला, "टाकेल का गं तो नाव?"

भाचीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. मग भाची म्हणाली, "तुमचा दोघांचा एक फोटो द्या. सगळ्यात वर तोच लावू."

तिथेच पंचाईत. फोटो काढणाऱ्यांचा फोटो कोण काढणार? दोघांचा मिळून एकच होता आणि तो मी काढलेला. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे मोकळी भिंत. त्यात माझा हात हललेला. दादांचा चेहरा तर पाण्यात पाहिल्यासारखा.

"जन्मभर साऱ्या गावाला हलू नका सांगितलं," वहिनी म्हणाल्या, "आणि ज्याला सांगायचं त्यालाच विसरले."

साच्यात फोटोसाठी एक गोल होता. भाचीने फोटो त्यात बसवला. दोघेही बाहेर गेले, गोलात नुसती भिंत. लहान करून पाहिला, तर दोन ठिपके.

"खरं सांगू, काका? फोटोग्राफरच्या साइटवर उघडल्या उघडल्या हललेला फोटो? लोक तिथूनच मागे फिरतील. तुमचा एकट्याचा चांगलासा काढू या."

"एकट्याला तो ओळखेल," हलूनका म्हणाला. "पण त्याला वाटेल, मी त्याला वजा केलं."

भाचीने साचा बंद केला. "बरं. बांधते."

साइट साधीच झाली. वर तो फोटो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली दोघांची नावं, थोरल्याचं आधी. मग बाकीचे फोटो, एकाखाली एक. दुकान उघडलं की हलूनका आधी कोणाचा निरोप आलाय का ते बघतो, मग झाडू हातात घेतो.

परवा मी तिथे बसलो असताना फोन वाजला. नंबर अनोळखी होता. हा उभाच राहिला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. साइट पाहून फोन केला होता. मुलीच्या लग्नाचे फोटो काढायचे होते, आणि ती हसणारी आजी त्यांना फार आवडली होती.

"दोघंही याल ना?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता हा सांगून टाकेल.

"मी नक्की येईन," तो म्हणाला. "दादा सध्या बाहेरगावी आहेत."

"अहो, लग्नाला पुष्कळ अवकाश आहे. तोवर येतील की!"

हलूनकाने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हो," तो म्हणाला. "तारीख परत एकदा सांगा."