ऐनावरची लाइन

डोळखांबकडच्या आमच्या घरात एका कम्प्युटरला दोन नेट होती. ऐट बघा! पाड्यात कुणाच्या फोनला धड रेंज नाही आणि माझ्याकडे दोन-दोन. पण ती हौस नव्हती. आई गेल्यावर बा एकटा पडला, म्हणून मी ठाण्याची खोली सोडून घरून काम करायला आले. ऑफिसची अट एकच, मीटिंगमध्ये नेट तुटता कामा नये. तुटलं तर बाडबिस्तरा उचलून परत ठाण्याला.

म्हणून शहापूरच्या केबलवाल्याकडून एक लाइन घेतली. ती झाडाझाडांवरून येत शेवटी आमच्या बांधावरच्या ऐनाच्या फांद्यांतून घरात शिरायची. दुसरं नेट सिमकार्डाचं. त्याचं डबडं छपरावर बांबूला बांधलं, कारण रेंज तेवढ्या उंचीवरच मिळायची. बा म्हणाला, "दोन कशाला गो?"

"एक गेलं तर दुसरं आपोआप सुरू होतं, बा. काळजी नाय."

मलाही तसंच वाटत होतं. त्याला ते फार आवडलं. येईल-जाईल त्याला सांगायचा, "आमच्या पोरीच्या दोन लायनी हायत!"

थंडी सरत आली की बा कोयता घेऊन ऐनावर चढतो. त्याच्या फांद्या वाळवून भाताचं रोप टाकायच्या जागेवर जाळायच्या, म्हणजे राब भाजायचा. त्या दिवशी मी आत मोठ्या साहेबांच्या मीटिंगला बसले होते आणि बाहेर कोयत्याचे घाव ऐकू येत होते. वायर फांद्यांत गुंतलेली. बानं विचार केला, पोरीची दुसरी लाइन आहे, घटकाभर ही नसली तर काय बिघडतं? त्यानं वायर तोडली, फांद्या उतरवल्या, मग विहिरीवरच्या मोटारीची वायर जोडतो तशी टोकं सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली. काम नेहमीसारखं पक्कं. पण त्या वायरीत तांबं नव्हतंच, काचेचा बारीक धागा होता. तो काय पिळून जोडला जातो?

आणि कम्प्युटर? मेला ढिम्म हलेना! घरातली नेटची पेटी चालू, म्हणजे लाइनही चालू, असं धरून तो तिलाच चिकटून बसला. छपरावरचं नेट चांगलं जागं होतं, त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. साहेबांचं तोंड पडद्यावर अर्धवट उघडं राहिलं. शेवटी वैतागून मी कम्प्युटरच्या मागची वायरच उपटली, तेव्हा कुठे त्याला दुसरं नेट सापडलं. तोवर मीटिंग उरकली होती. पुढच्या महिन्यापासून ऑफिसात या, असं सांगणं आलं.

मी बॅग भरत होते तेव्हा बा दारात उभा होता. "मीच घालवली तुला," म्हणाला आणि रडला. आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी शंभरदा सांगितलं, बा, तुझं काय चुकलं नाय, हा कम्प्युटरच मठ्ठ. पण ते त्याच्या डोक्यात शिरेचना. नोकरीची जागा बदलली ह्याचं दुःख मी कधीच गिळलं. त्यानं ते स्वतःवर घेतलं, हे मात्र अजून जिवाला लागतं.

परवा म्हशाच्या जत्रेला जोडून घरी गेले. बांधावरची बाकीची झाडं तोडून बोडकी झालेली आणि ऐन तेवढा मोकाट वाढलेला. बा लांबच्या रानातून फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन येत होता, या वयात, धापा टाकत. माझं डोकंच फिरलं.

"दारातला ऐन सोडून तिकडे कशाला मरायला जातोस रे बा?"

त्यानं भारा खाली टाकला, घाम पुसला.

"त्याच्यावं तुजी लायन हाय ना गो. तू परत आलीस म्हंजे लागंल. मी त्याला हात नाय लावत."

वर फांद्यांत ती काळी वायर होती, चिकटपट्टीसकट. जातानाच मी ती लाइन कायमची बंद करून गेले होते. ते सांगायला तोंड उघडलं, आणि चहा टाकते म्हणून आत गेले.