हातखंब्याच्या सड्यावरची थरथर

पालीहून निघालं की हातखंब्यापर्यंत रस्ता वळणावळणाचा. तिथवर माझी लॉरी शहाण्यासारखी चालायची. पुढे सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, लागून रस्ता सरळ झाला आणि मी ताशी वीस मैलांच्या पुढे वेग नेला, की स्टेअरिंग थरथरू लागायचं. ती थरथर आधी मनगटांत यायची, मग दातांत, मग मागच्या आंब्याच्या पेट्यांत. वेग कमी केला की पुन्हा सगळं गप्प. अशा लबाड दुखण्याचा मला भारी संताप यायचा, आणि त्या वयात संतापायला मला फारसं कारणही लागत नसे.

लॉरी तशी जुनीच, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. मुंबईत एका शेठची मोटार सात वर्षं चालवून मी गावी परतलो तो तिच्याच भरवशावर. पालीच्या एका बागायतदारांनी ती घेतली आणि मला ड्रायव्हर नेमलं. काम एकच, मोसमात आंब्याच्या पेट्या रत्नागिरीच्या बंदरावर बोटीच्या वेळेला पोचवायच्या. सकाळी दोन खेपा व्हायलाच हव्यात, नाहीतर दुसऱ्या खेपेचा माल बोटीला चुकायचा. हळू जाऊन भागत नव्हतं. वेगात जावं तर पेट्यांतला पेंढा सरकून फळावर फळ आपटायचं. डागाळलेल्या मालाची मुंबईहून दोनदा तक्रार आली.

"असं बघ," बागायतदार म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, पण तो माणूस ओरडणाऱ्यांतला नव्हता. "आठ दिवस देतो. नाही जमलं तर लॉरी विकून टाकतो आणि पुन्हा बैलगाड्या लावतो. उशीर होईल, पण फळ तरी धड पोचेल हो."

लॉरी गेली की मी पुन्हा मुंबईला. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, असा शेठचा निरोप आलाच होता. घरात मी तो कुणाला सांगितला नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण गणपती-शिमग्याच्या रजा सगळ्या जोडल्या तरी आम्ही नवराबायको वर्षभरसुद्धा एका छपराखाली राहिलो नव्हतो. धाकटी पोर मला पाहिलं की आईच्या मागे लपायची. आता कुठे ती माझ्या ताटात हात घालू लागली होती. मला जायचं नव्हतं. इतकं साधं ते होतं, आणि तेवढंच मला कुणाला बोलून दाखवता येत नव्हतं.

रत्नागिरीच्या एका मिस्त्रीने दिवसभर लॉरी ठेवून घेतली. इंजिनाचे बोल्ट आवळले, स्टेअरिंगचे सांधे तपासले, टायर अदलाबदल केले. परतताना सड्यावर पुन्हा तीच थरथर. मी तसाच मागे वळलो आणि त्याला नाही नाही ते बोललो. त्याने शांतपणे हात पुसले आणि म्हणाला, "तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय." मी आणखीच भडकलो, कारण मी खरंच लपवत होतो.

झालं होतं असं. ऊन तापलं तसे पुढच्या डाव्या चाकाचे आरे सुकून कुरकुरायला लागले होते. बैलगाडीचं चाक असं सुकलं की आमच्याकडचे गाडीवान ते वहाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, भिजत टाकतात. लाकूड फुगतं, सांधे घट्ट बसतात. लहानपणापासून पाहिलेलं ते. मीही रोज संध्याकाळी लॉरी वहाळाशी नेऊन ते चाक पाण्यात उभं करू लागलो. कुरकुर थांबली. पण मुंबईत शेठची मोटार चालवलेला, खाकी कोट घालणारा मी गाडीवानाचा उपाय करतो, हे मिस्त्रीपुढे कबूल करायला जीभ रेटेना. थरथरीचा आणि त्याचा संबंध असेल असं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पालीच्या बाजारात गाड्यांची चाकं करणारा एक म्हातारा सुतार होता. मिस्त्रीशी भांडून आलो त्या दिवशी चहाच्या दुकानात तो सहज म्हणाला, "डायवर, येकदा मला दाखव तुजी गाडी."

"बाबा, ही मोटार आहे," मी चारचौघांत म्हणालो. "हिला बैल लागत नाहीत."

लोक हसले. म्हातारा हसला नाही की रागावला नाही. बशीतला चहा संपवून निघून गेला.

मुदतीचे चार दिवस उरले असताना तो सकाळीच माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात लाकडी हातोडी, कानावर चुन्याचा खडा. "ह्या वाटेनं चाललो व्हतो," म्हणाला. "पुढचं डावं चाक उचल बगू जरा." त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, पण विचारायचं मला सुचलं नाही. मी एव्हाना पुरता हरलो होतो. मुकाट्याने जॅक लावला.

त्याने चाक हाताने फिरवलं. ते मंदावलं, थोडं मागेपुढे झुललं आणि थांबलं. खाली आलेल्या जागी त्याने चुन्याची रेघ ओढली. पुन्हा फिरवलं, रेघ पुन्हा खाली. पाच वेळा फिरवलं, पाचही वेळा तेच. मग त्याने एकेका आऱ्यावर हातोडी हलकेच वाजवली. वरचे आरे टणटणीत बोलत होते, खालच्यांचा आवाज भद्द येत होता.

"ही हवा भरायची नळी," त्याने विचारलं, "गाडी हुबी करतोस तवा कुठं असते?"

"वर," मी पटकन म्हणालो. "मुद्दाम वर ठेवतो. नळीत पाणी जायला नको म्हणून."

बोललो आणि थांबलो. सुतार हातातली हातोडी न्याहाळत राहिला. मी तिथेच जमिनीवर बसलो. गाडीवान चाक काढून, आडवं करून, अख्खं बुडवतो. मी ते लॉरीलाच ठेवून उभं भिजवत होतो, आणि नळी जपण्याच्या नादात रोज नेमका तोच अर्धा भाग पाण्यात. अर्धं चाक पाणी पिऊन जड, अर्धं सुकं आणि हलकं. बैलांच्या चालीला ते कळलंही नसतं. वीस मैलांच्या वेगाला तेच जड अंग साऱ्या लॉरीला हलवत होतं. सगळी काळजी माझी, आणि दुखणंही मीच लावलेलं.

"मी वहाळात उभी करायचो," मी म्हणालो.

"व्हय?" तो म्हणाला. "मंग सुकवू या."

तीन दिवस चाक त्याच्या पडवीत सावलीला टांगलं होतं; तेवढे दिवस माल बैलगाड्यांनी गेला. सुकल्यावर त्याने चिरलेले दोन आरे नवे घातले, सैल सांध्यांत बारीक पाचरी मारल्या आणि होडीला लावतात ते उंडीचं तेल गरम करून साऱ्या लाकडाला पाजलं, म्हणजे ऊनही लागायला नको आणि पाणीही. चाक बसवून फिरवलं तेव्हा ते दर खेपेला वेगळ्या ठिकाणी थांबलं.

दुसऱ्या सकाळी पेट्या भरून निघालो. सड्यावर वीसच्या पुढे गेलो, पंचवीस गाठले. स्टेअरिंगवर हात नुसते ठेवले होते. मी एकटाच मोठ्याने हसलो. दोन्ही खेपा वेळेत झाल्या. पुढच्या आठवड्यात मुंबईहून माल उत्तम पोचल्याचं पत्र आलं. बागायतदार "जमलं हो" एवढंच म्हणाले, आणि मी शेठला येत नसल्याचं कळवलं.

मग नारळ आणि धोतरजोडी घेऊन सुताराकडे गेलो. पाया पडलो, चहाच्या दुकानातल्या बोलण्याची माफी मागितली. नारळ त्याने घेतला, धोतरं माझ्याकडे सरकवली.

"ह्ये मला नको. मला काय ठावं, तुजी गाडी पान्यात हुबी ऱ्हाते? तुजी बायको आली व्हती, भर दुपारी, पोरीला काखेला मारून. म्हनाली, सांजचं कापडं धुवाया जाते तवा रोज बगते, चाक अर्धंच भिजतंय. मी बोलले तर त्यांना लागंल. तुमी बगा, पन त्यांचं त्यांना कळलं असं करा."

घरी येईतो मला मान वर करून चालवेना. ती विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. मी तिच्या हातातली कळशी घेतली आणि विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी निदान खरं बोललो.

पुढे पंचवीस वर्षं मी पालीतच गाड्या चालवल्या. गाडीचं काही बिनसलं, की मिस्त्रीकडे जायच्या आधी मी तिला हाक मारायचो. ती पदराला हात पुसत यायची, आणि मी काही न लपवता सगळं तिला सांगायचो.