परातीपुढची जागा

पेढ्यांचा पुडा मी टेबलावर उघडून ठेवला आणि ऑफिसातल्या सगळ्यांनाच एकदम शुगर निघाली. हेडसर म्हणाले, "नको मावशी, मला गोड चालत नाही." क्लार्क भाऊसाहेबांचं पोट बिघडलं. बाईंचा उपवास निघाला. एकानंही हात पुढं केला नाही.

चूक माझीच. आनंदाच्या भरात विसरलेच, की मला कामावरून का काढलं होतं.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागून ही निवासी शाळा आहे. नऊ वर्षं मी तिथं पोरांसाठी भाकरी थापल्या. मग काही पालक आले. माझं आडनाव काय, वस्ती कुठली, विचारून गेले. दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं. कागदावर लिहिलं, स्वयंपाकघरात अस्वच्छता. माझ्या परातीत तोंड दिसायचं, परातीत! चिडून वरच्या ऑफिसात अर्ज केला. वर्षभर पुण्याला चकरा मारल्या.

शेवटी वरून इंग्रजीत हुकूम आला. भाऊसाहेब म्हणाले, "तुमाला रिइन्स्टेट केलंय."

"म्हंजी काय वो?"

"परत घेतलंय. अजून काय पायजे?"

तशीच पेढे आणायला धावले होते मी.

आता पुडा तसाच पडलेला, आणि हेडसर सांगत होते, "उद्यापासून संडास-बाथरूम बघा. पगार तोच."

मी काय बोलले? "व्हय सर." त्या 'व्हय'ची आजही लाज वाटते. पुडा उचलला, झाडू घेतला. जेवणाची घंटा झाली की पोरं ताटं घेऊन पळायची आणि मी ओल्या हातांनी भिंतीला टेकून भाकरीचा वास घ्यायचे. नवरा म्हणाला, "पगार मिळतोय न्हवं? गप ऱ्हा." गप राहिले. दुसरं काय होतं हातात?

महिन्यानं लेकीला हुकूम दाखवला. ती बारामतीला कॉलेजात जाते. तिनं मोबाईलवर तो शब्द काढला. "आई, नुसतं परत घेणं न्हाय. जितनं काढलं त्याच जागी, त्याच मानानं परत बसवणं. कामावरनं काढलेल्या माणसासाठीच वापरत्यात ह्यो शब्द." खाली त्याचं मूळही दिलेलं होतं. जुन्या लॅटिन भाषेतलं, अर्थ उभं राहणं. मी तिला चारदा वाचायला लावलं. मग रडूच आलं. शब्द माझ्या बाजूनं होता, आणि तोच कागद कमरेला खोचून मी महिनाभर संडास धूत होते.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर माझ्या नावापुढं नेहमीसारखं 'सफाई' होतं. मी सही केली नाही.

"हुकमात माझी सैपाकाची जागा हाय, सर. तितं लिवा, मंग सही करते."

"पालक पोरं काढून नेतील, मावशी. जरा समजून घ्या."

"लई घेतलं."

आज अकरावा दिवस. हात धुऊन, पदर खोचून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. आत सोडत नाहीत. सही नाही म्हणजे पगार नाही, हेही कळतं. नवरा बोलत नाही. संध्याकाळी पाय सुजतात. कुणी येऊन न्याय करील, असं काही मला वाटत नाही. पण झाडूला आता माझा हात लागणार नाही. पेढे तर मी कुणापुढं धरणारच नाही. या दारातून आत जाईन ती भाकरी थापायलाच.