उत्तरेची खिडकी आणि कूलरचा पंप

सोलापुरात रंगपंचमी झाली की घराघरातला कूलर माळ्यावरून खाली येतो आणि खिडकीत बसतो. भवानी पेठेतल्या रामहरी उबाळेंचा कूलर मात्र गेल्या वर्षी खाली येऊनही भिंतीशीच उभा राहिला, अंगावर जुनी चादर पांघरून, रुसलेल्या पाहुण्यासारखा. पंप जळालाय, असं रामहरींनी घरात जाहीर केलं होतं. पंप जळालेला नव्हता. तो त्यांनीच काढून लपवला होता.

रामहरी मूळचे माढ्याकडचे. एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालणारा माणूस. एका शेडमध्ये चाळीस माग एकदम चालतात तिथं बोलून उपयोग नसतो. माणसं एकमेकांचे ओठ बघतात. वीस हातांवरच्या कामगारानं पुटपुटलेली शिवीसुद्धा रामहरींना कळायची. कान मात्र मागांनी खाल्ले. रिटायर होऊन घरी बसले तेव्हा त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. हे त्यांना मान्य नव्हतं. हल्ली लोकच हळू बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

घरी बसल्यावर त्यांच्या हाती मुलाचा कॅमेरा लागला. अभिमन्यूनं तो हौसेनं घेतला होता आणि लग्नानंतर कपाटात ठेवून दिला होता. रामहरींनी आधी तो खोलता येतो का बघितलं. सून अपेक्षानं वेळेत अडवलं म्हणून वाचला. मग त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. फ्लॅश त्यांना पहिल्या दिवसापासून आवडला नाही. फ्लॅशमध्ये माणूस पोलिसानं धरल्यासारखा दिसतो, म्हणाले. त्यांना घरातली माणसं घरातल्यासारखी हवी होती, खिडकीच्या उजेडात, आपापल्या कामात.

उजेडाची खिडकी घरात एकच, उत्तरेची. समोर गल्लीपलीकडे पंचाक्षरींची दुमजली भिंत, नुकताच पांढरा चुना दिलेली. साडेदहा-अकराला त्या भिंतीवर ऊन पडतं आणि तिथून परतून खोलीत येतं, तोवर त्याचा सगळा चटका गेलेला असतो. ताकासारखा मऊ उजेड. पण कूलर बसायची खिडकीही तीच. कूलर एकदा बसला की मृगापर्यंत हलत नाही.

आणि रामहरींना त्याआधी एक फोटो हवा होता.

रिटायर झाल्यावर चौथ्या दिवशी ते पेपर शोधत त्या खोलीत गेले होते. बायको विजयमाला खिडकीशी जमिनीवर बसून परातीत ज्वारी निवडत होती आणि माढ्याला दिलेल्या तिच्या धाकट्या बहिणीशी, तानाबाईशी, फोनवर बोलत होती. बोलता बोलता ती हसली. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून, पडलेल्या दाताची फट उघडी टाकून. रामहरी दारातच थांबले. हा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. हा फोन रोज अकराला होतो आणि रोज अकराला ते कारखान्यात असत. घरातल्या अल्बममध्ये विजयमाला अठ्ठावीस ठिकाणी आहे आणि अठ्ठावीसही ठिकाणी तिचा चेहरा रेशनकार्डावरचा आहे.

तेव्हापासून ते त्या हसण्याच्या मागावर होते, आणि हसणं काही हाती लागत नव्हतं. ते दारामागून टिपायचे, पडद्याआडून टिपायचे, एकदा कॉटखालूनही टिपलं आणि मग अपेक्षानं त्यांना ओढून बाहेर काढलं. पण बटण दाबायचा अवकाश, की विजयमाला मान ताठ करून, पदर सारखा करून, ओठ मिटून कॅमेऱ्याकडे बघत असे. चारशे फोटो झाले. चारशेही रेशनकार्डं. बायकांना पाठीला डोळे असतात, असा निष्कर्ष रामहरींनी काढला.

खरी गोष्ट अशी, की फोटो निघायच्या आधी, नेम धरतानाच, कॅमेरा दर वेळी टीं-टीं असा मोठा आवाज करत होता. घरात तो सगळ्यांना ऐकू येत होता, एका माणसाला सोडून. अपेक्षाला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. त्या आवाजावर तिला केस सारखे करायला वेळ मिळायचा, आणि त्या महिन्यात तिचे फार चांगले फोटो निघाले होते.

रंगपंचमी आली तशी रामहरींची घाई झाली. त्यांनी पंप काढला आणि कारखान्यातून आणलेल्या आपल्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली ठेवला. त्या पिशवीला घरात कुणी हात लावत नाही, अशी त्यांची समजूत. मग रोज जेवायला बसलं की विजयमाला विचारायची, पंप मिळाला का. पहिल्या दिवशी दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या मापाचा पंप पुण्याहून मागवावा लागणार होता. तिसऱ्या दिवशी दुकानदार देवाला गेला होता. चौथ्या दिवशी काही सुचेना, तेव्हा त्यांनी दुकानदाराचा साडू मारून टाकला. विजयमाला वाईट वाटल्यासारखं तोंड करून भाकरी वाढत राहिली.

दहाव्या दिवशी पारा एकेचाळीसवर गेला. आदल्या दुपारी ओली चादर अंगावर घेऊन पडलेल्या अपेक्षानं ताडलं होतं, की सासऱ्यांना तो फोटो मिळाल्याशिवाय घराला कूलर मिळणार नाही. सकाळी तिनं कॅमेरा मागून घेतला, त्यातला आवाज बंद केला आणि परत देताना रामहरींच्या समोर उभी राहून ओठ नीट हलवत सांगितलं, "मामा, आजपर्यंत हा ओरडत होता. आता गप केलाय."

रामहरींचा आधी विश्वास बसला नाही. मग चारशे फोटो आठवले असावेत. ते कॅमेरा घेऊन गेले आणि कूलरच्या मागे, चादरीच्या आड जाऊन उकिडवे बसले. चादरीखालून त्यांचे पाय दिसत होते. अपेक्षानं जाता जाता चादर खाली ओढली.

अकरा वाजता विजयमाला परात घेऊन आली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचं तोंड बरोबर कूलरकडे होतं. भिंतीवरचा उजेड तिच्या एका गालावर येत होता, परातीतल्या ज्वारीवर येत होता. फोन लागला. रामहरी चादरीच्या फटीतून बटण दाबत सुटले. ती मान वर करत नव्हती. रामहरींच्या एवढ्या वर्षांच्या संसारात अशी सूट त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

मग त्यांनी लेन्स फिरवून तिचा चेहरा जवळ आणला. आणि चेहरा जवळ आला तसे ओठ जवळ आले.

"आज दहावा दिस," विजयमाला तानाबाईला सांगत होती. "साडूला मारून झालं. काल दुकानदाराच्या गाडीला म्हस आडवी गेली. आज कुणाचा नंबर हाय बगू."

रामहरींचं बोट थांबलं.

"अगं, पंप कुटं जातोय. त्यांच्या हत्याराच्या पिशवीत हाय की. दर शनवारी मी पिशवी झटकते. पंप पुसते, परत पान्याखाली ठेवते."

तिकडून तानाबाईनं काही विचारलं असावं.

"सांगून कसं चालंल? सांगितलं की थापा बंद हुतील. मग रोज अकराला तुला काय सांगू?"

आणि ती हसली. डोळे मिटले, मांडीवर थाप पडली, परातीतली ज्वारी उडाली. रामहरींनी बटण दाबलं. एकदाच. मग त्यांनाही हसू फुटलं, आणि आपलं हसू केवढं मोठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कूलर हलायला लागला.

विजयमालानं चादर ओढली. आत नवरा बसला होता, घामानं निथळत, मांडीवर कॅमेरा घेऊन. तिनं फोन कानाला तसाच ठेवून तानाबाईला सांगितलं, की थांब, चोर सापडला. मग रामहरींकडे वळली.

"दाखवा."

त्यांनी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. टिकली सरकलीय, म्हणाली. दाताची फट केवढी दिसतीय. केस बघा, पिंजारल्यासारखे. हा पुसून टाका म्हणेल म्हणून रामहरींनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. ती तसं म्हणाली नाही. पुन्हा एकदा बघून, आवाज थोडा खाली आणून, पण तोंड त्यांच्याकडे ठेवून तिनं विचारलं, "मी आशी दिसते व्हय?"

"रोज अकराला," रामहरी म्हणाले.

"मग ह्यो कुणाला दाखवायचा न्हाय. ग्रुपवर तर आजिबात न्हाय. आनी आदी पंप बसवा."

दहा मिनिटांत पंप बसला. हत्यारांच्या पिशवीतून तो निघाला तेव्हा स्वच्छ पुसलेला होता. जेवणाच्या आत कूलर खिडकीत होता, खोलीत अंधार आणि गार वारा. अपेक्षा समोर आडवी पडली ती चारपर्यंत उठली नाही. ग्रुपवर फोटो गेला नाही. विजयमालानं तो संध्याकाळी अपेक्षाकडून स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि एकट्या तानाबाईला पाठवला. तिथून तो माढ्यात कुणाकुणाला दिसला ते तानाबाई सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना कुणी कुणाला काही विचारलं नाही. पंपाचा विषय संपला होता. रामहरी भाकरी मोडत राहिले, मध्येच बायकोकडे बघत राहिले. दोन दिवस असेच गेले. अकराचा फोन झाला, पण पाच मिनिटांत आटोपला. काय सांगायचं, दोघी बहिणींना सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पावणेअकराला रामहरी बाहेरून आले. कॅमेरा कपाटात होता. चप्पल काढून ते ओट्यापाशी गेले आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं त्यांनी सांगितलं, की गिरणीत गडबड झालीय, आपला ज्वारीचा डबा गिरणीवाल्याच्या मेव्हण्यानं चुकून बार्शीला नेला.

डबा ओट्यावर होता. दळण आणून तासभर झाला होता. झाकणावर पीठ दिसत होतं. विजयमालानं डब्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मेव्हणा कधी येणार परत, असं काळजीनं विचारलं. मग हात पुसले, परात घेतली आणि फोन शोधायला गेली.