थंडी खाल्लेलं पान

सावद्याच्या स्टेशनावर मला पोचवायला जेवढी माणसं आली होती, तेवढी गावात एखाद्याच्या मयतीलाही जमत नाहीत. १९५३ सालचा भाद्रपद होता. केळी विकणाऱ्या संघाचे अध्यक्ष जरीचा फेटा बांधून आले होते. गाडीला अवकाश आहे हे पाहून त्यांनी फलाटावरच भाषण ठोकलं. "आपल्या सावद्याची लेक विलायतेले चालली. झाडायचं शास्त्र शिकून येईन अन् आपल्या केळीचं सोनं करीन!" टाळ्या पडल्या. याच गृहस्थांनी सहा वर्षांपूर्वी, मी पुण्याला कॉलेजात निघाले तेव्हा, आमच्या ओट्यावर बसून माझ्या वडिलांना बजावलं होतं, "नाना, पोरीले एवढं शिकवशीन तं तिले नवरा कोन देईन?" नवरा कुणी दिला नाही हे खरं. पण ते बोलणं त्यांना आठवत नव्हतं आणि मला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांचा हार मी गळ्यात घालून घेतला. झेंडूच्या पाकळ्या पाठीत शिरून दोन तास टोचत होत्या.

नाना त्या गर्दीत नव्हते. ते मालधक्क्यावर होते. आमच्या बागेचे घड त्याच दिवशी डब्यात चढत होते आणि हमाल घड आपटतात म्हणून नानांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. गाडी आली तेव्हा ते हात पुसत माझ्या खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "तिकडे थंडी लई असते म्हनतात. चांगली पायजो."

चांगली पाहा. लेकीला साता समुद्रापार धाडताना बाप एवढंच बोलला. मला ते अडाणीपणाचं वाटलं. तुच्छता मला आधीपासूनच चांगली जमत होती.

ती किती जमत होती, तेही सांगते. मी पुण्याहून सुट्टीत आले होते त्या हिवाळ्यात तापी-काठच्या बागांना थंडीने झोडपलं. केळीची पानं पिवळी पडली आणि आठ दिवसांत कडेने करपून लोंबायला लागली. शेतकी खात्याचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी प्रत्येक बागेत एकच निदान केलं: थंडी. आमच्या बागेत नाना त्यांना म्हणाले, "थंडीनं नाही मरत सायेब. थंडी खाल्लेल्या पानावर सकायचं ऊन एकदम पडते, अन् मंग ते जयते." नानांनी बागेच्या पूर्वेच्या अंगाला तुरकाठ्यांचे तट्टे उभे केले होते. त्यांच्या आडोशाच्या दोन ओळी हिरव्या होत्या. साहेबांनी त्या ओळींकडे पाहिलंही नाही. ते हसले आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, उन्हावर तर झाड जगतं, हे तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही का? मीही हसले. इंग्रजीत उत्तर दिलं की आमच्याकडे अजून शास्त्र पोचायचं आहे. नानांना इंग्रजी येत नव्हतं. हसणं कोणत्याही भाषेत कळतं.

गावातल्या लोकांना साहेबांपेक्षा जास्त करमणूक झाली. "नानानं केळीले पडदा लावला, केळ आता गोशात बसली," असं पारावर चाललं. ज्यांच्या बागा जळाल्या होत्या तेच हसत होते. हिरव्या दोन ओळी पाहायला मैलभर कुणी चालत आलं नाही.

मग विलायत. उत्तर इंग्लंडातलं ते धुरकट शहर आणि त्यातली आमची प्रयोगशाळा यांच्याविषयी मी घरी जी पत्रं लिहिली ती सगळी खोटी होती. मी लिहायचे, इथे सगळं कसं व्यवस्थित आहे. माझे प्रोफेसर उष्ण देशांतल्या वनस्पतींचे मोठे जाणकार समजले जात. त्यांनी केळीचं झाड काचेच्या घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या काचघरात कुंड्यांमधून बावीस केळी उभ्या होत्या. नळाच्या वाफेवर पोसलेल्या, एकीलाही कधी घड न आलेल्या. जेवणाच्या टेबलावर ते पिकलेलं केळं काट्या-सुरीने खात आणि मला केळीविषयी माहिती देत.

मला काम दिलं होतं ते थंडीने केळीचं पान का मरतं हे शोधण्याचं. थंड कपाटात कुंड्या ठेवायच्या, वर दिवे जळत ठेवायचे, दर चार तासांनी पानाचा तुकडा कापून तो अजून किती कर्बवायू शोषतो ते मोजायचं. पानं मरत होती. प्रोफेसरांच्या मते थंडीने पेशी फुटत होत्या आणि मी ते पुन्हा पुन्हा सिद्ध करत होते. वर्षभर हेच.

एका सोमवारी कपाट उघडलं तर खालच्या फळीवरचा दिवा गेलेला होता. कधी गेला कुणास ठाऊक. वरच्या फळीवरची रोपं नेहमीसारखी मेली होती. खालची, तितकीच थंडी खाल्लेली, जिवंत होती. बाहेर काढून हळूहळू उजेडात आणली तर तिसऱ्या दिवशी त्यांची पानं पुन्हा पहिल्याइतका कर्बवायू घ्यायला लागली. मी कपाटासमोरच्या स्टुलावर बसून राहिले. पान थंडीत गारठून सुस्त झालेलं असतं, उजेडाचं अन्न करण्याची त्याची ताकद गेलेली असते आणि उजेड मात्र त्याच्यात शिरतच राहतो. ज्याचं अन्न होत नाही तो उजेड पानालाच जाळतो. हे सगळं माझ्या डोक्यात जुळलं, पण शास्त्राच्या भाषेत नव्हे. नानांच्या आवाजात जुळलं. आणि लगेच मला माझं हसू ऐकू आलं.

पुढचे आठ महिने मी तोच प्रयोग दिवे लावून आणि विझवून केला. एकदाही उलटा निकाल आला नाही. निबंध लिहून झाला तेव्हा मी प्रोफेसरांना सांगितलं की हे माझ्या वडिलांनी आधी पाहिलं होतं, आभाराच्या ओळीत त्यांचं नाव घालायचं आहे. ते हसले. साहेब हसले होते तसंच. जणू दोघे एकाच शाळेत हसायला शिकले होते. "शास्त्रात ऐकीव गोष्टींना जागा नसते," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि स्वतःचं नाव माझ्या नावाच्या आधी घातलं. मी भांडले नाही. पदवी त्यांच्या सहीची होती. त्या कागदावर मी सही केली. त्यांच्याविषयी मला जी घृणा आहे, तिच्यात माझा वाटा मी कधी विसरत नाही.

१९५७ साली परत आले. पुन्हा तेच अध्यक्ष, तोच फेटा, या वेळी मांडव घालून सत्कार. मी ठरवूनच उभी राहिले आणि सांगितलं, "मी काही शोधलेलं नाही. सकाळच्या उन्हाने पान जळतं हे नानांनी दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुम्ही हसलात, मी हसले. आता तरी पूर्वेला आडोसा करा." अध्यक्षांचे डोळे पाणावले. ते उठून म्हणाले, "पाहा लोकहो, एवढी शिकली, पन विनय पाहा! बापाचं नाव काढलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या हिवाळ्यात एकाही बागेत तट्टा उभा राहिला नाही. माणसाला खोटं ठरवायचं असेल तर त्याच्यावर हसावं लागतं असं मी समजत होते. टाळ्या वाजवूनही काम होतं.

नाना सत्काराला आले नव्हते. त्यांची पाण्याची पाळी होती. मी तशीच जरीच्या पातळात बागेत गेले आणि बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं: कपाट, विझलेला दिवा, खोडलेलं नाव, आणि त्या दिवशीचं माझं इंग्रजी हसणंसुद्धा.

ते पाटाच्या पाण्याला दारं धरत ऐकत होते. पाणी पुढच्या ओळीत वळवून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे हे शोधाले तू समुद्र वलांडून गेली?"

"हो."

"किती वर्सं?"

"चार."

"अन् माह्या तट्ट्याचं खरं म्हनून लिहून आली."

"हो नाना."

"तट्टे म्या कधीचे काढले. वाऱ्यानं पडे अन् झाडंच मोडे. आता पूर्वेले शेवरी लावली, थे पाय." त्यांनी फावड्याने दाखवलं. बागेच्या कडेने शेवरीची उंच, दाट रांग उभी होती. मी तिथूनच आत आले होते आणि ती मला दिसली नव्हती. "चार वर्सं शिकली, अन् बागेत आंधयासारखी शिरली," असं म्हणून ते पुढच्या दाराकडे गेले.

त्यानंतर सरकारने मला धुळ्याला नेमलं. पहिल्या दिवशी मी केळीची रोपं कुठे लावायची असं विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या शिपायाने दयेने माझ्याकडे पाहिलं. "बाई, आठे बठ्ठी कपाशीच शे." केळीवर शिकलेल्या बाईला कपाशीच्या गावात बसवायचं, ही कल्पना कुणाच्या तरी डोक्यातून आली, तिच्यावर तीन जणांनी सह्या केल्या. रावेर-सावद्याकडे बदली मागितली तर वरिष्ठ म्हणाले, बाईमाणसाने बागा हिंडणं बरं दिसत नाही. चौदा महिने मी बियाण्याच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि राजीनामा दिला. दुसऱ्यांदा विलायतेला गेले तेव्हा स्टेशनावर कुणी नव्हतं.

आता इथे आम्ही दहा-बारा मराठी माणसं महिन्यातून एकदा जमतो. कुणाच्या तरी गॅसवर वांगं भाजून त्याला भरीत म्हणायचं आणि गावाच्या आठवणीने डोळे टिपायचे. ज्या घरातून हे लोक कंटाळून पळाले त्या घराविषयी ते असे बोलतात की जणू तिथे कुणी कुणावर कधी ओरडलंच नाही. मला विचारतात, तुम्हाला घराची आठवण येत नाही का हो? मी वांग्यात मीठ कमी आहे असं सांगते.

सावद्याला राहिलेल्यांनो, तुमचे हार मला नकोत. इथे आलेल्यांनो, तुमचे कढही नकोत. मला आयुष्यात खूप जण हसले आणि खूप जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्यातल्या एकानेही आधी वाकून पान पाहिलं नव्हतं. पाहून मग मला आंधळी म्हणणारा माणूस एकच आहे. तो जिथे दारं धरतो तेवढ्या जागेला मी घर म्हणते. बाकीचा पूर्व खानदेश तुम्हीच ठेवा.

मागच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. धाकट्या भावाच्या अक्षरात, कारण नानांना लिहिता येत नाही. प्रकृती कशी आहे, कधी येतेस, असं काही नाही. एवढंच आहे: "औंदा थंडी पडली. मोठ्या झाडाचं पान जयलं, बुडाशी उगवलेल्या पिलाचं वाचलं. पील सावलीत असते म्हनशीन, तं उघड्यावरचंही वाचलं. असं कसं, थे कयव."

मला माहीत नाही. उत्तर अजून लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात सहा कुंड्या ठेवल्या आहेत, लहान आणि मोठ्या, आणि त्यांना पाहायला मी आता निघते आहे.