किटलीसाठी काढलेला प्लग

आमचे हे राउटर जुळवतात. म्हणजे नेमकं काय करतात, ते मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. विचारलं की "वायरीचं काम" म्हणून मोकळे. मग एकदा घरीच बघितलं. लॅपटॉपपासून राउटरच्या डब्यापर्यंत एक निळी चपटी वायर आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना माउस. एकेक ओळ टाइप करायची. डबा गप्प राहिला की जमलं, काही बोलला की समजायचं चुकलं. मी म्हटलं, हा तर अगदी तुमच्या आईंसारखा! तेव्हा सासूबाई ठणठणीत होत्या, त्याही हसल्या.

आता त्यांना काही आठवत नाही. मी कोण, घर कोणाचं, सगळं पुसलं गेलंय. मुलगा तेवढा ओळखू येत होता. त्याने हात धरला तरच डॉक्टरांपुढे बसायच्या. म्हणून त्या दुपारच्या तपासणीला ह्यांनी यायचंच, असं ठरलं. साहेबांच्या हातापाया पडून अर्ध्या दिवसाची रजा मिळवली होती. सकाळी कंपनीच्या एका शाखेतला राउटर इंटरनेटच्या नव्या जोडणीसाठी जुळवायचा आणि तिथून घरी येऊन आईंना न्यायचं. रात्रभर आईंनी झोपू दिलं नव्हतं. ह्यांचे डोळे पार खोल गेले होते.

ह्यांची एक पद्धत आहे. नव्या ओळी टाकल्या की लगेच सेव्ह करायच्या नाहीत, आधी सगळ्यांची कामं चालतात का बघायचं. बिघडलंच, तर डबा बंद करून चालू केला की जुनं जसंच्या तसं परत. त्या दिवशी सगळं चाललं. तेवढ्यात ह्यांना माझा फोन गेला.

"अहो, निघालात का? आई कधीच्या दाराशी उभ्या आहेत."

"निघालोच," म्हणत ह्यांनी वायर पिशवीत कोंबली. सेव्ह करायचं राहिलं.

अर्ध्या वाटेत शाखेचा फोन. कुणीतरी चहाची किटली लावायला राउटरचा प्लग काढला, चहा झाल्यावर परत लावला. सकाळची मेहनत पाण्यात, जुन्या ओळींवर नवी जोडणी चालेना, काम ठप्प, साहेब आग पाखडतायत.

"तू आईला घेऊन दवाखान्यात जा, मी आलोच," मला फोनवर म्हणाले आणि माघारी फिरले.

आलोच! ह्यांच्या 'आलोच'वर मी अख्खा संसार काढलाय. राग आला, खोटं कशाला बोलू? पण काढायचा कोणावर, किटलीवर?

दवाखान्यात सासूबाईंनी शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवली. "मुलगा यायचाय," सारखं सांगत होत्या, मला, नर्सला, भिंतीला. नंबर पुकारला तरी जागच्या हलल्या नाहीत. आमच्या मागचे सगळे आत जाऊन आले.

हे आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "आई," म्हणत पिशवी उचलून बसायला गेले.

सासूबाईंनी खुर्चीवर हात ठेवला. "इथे नका बसू हो," अगदी अदबीने म्हणाल्या. "माझा मुलगा येतोय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी होती तशी खुर्चीवर ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.